एका दिवसाची घडण : ब्रिटिश नभोवाणीच्या शब्दप्रधान केंद्राचे वेळापत्रक

१

नभोवाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष सामान्यतः दोन गोष्टींकडे जाते. नभोवाणी-संस्थेचा राज्यसत्तेशी असलेला संबंध ही पहिली, आणि गाजलेले कार्यक्रम व ते सादर करणाऱ्या नामवंत व्यक्ती ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये असलेली एक तिसरी गोष्ट मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे रोजचे वेळापत्रक. अमुक वाजता बातम्या, अमुक वाजता स्त्रियांसाठी कार्यक्रम, अमुक वाजता श्रुतिका, ही यादी इतकी परिचयाची असते की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. वस्तुतः ही यादी म्हणजे अनेक सत्तांनी, अनेक गरजांनी आणि अनेक वादांनी मिळून लिहिलेला एक दस्तऐवज होय.

प्रस्तुत लेखात ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बी. बी. सी.च्या, ‘रेडिओ फोर’ या राष्ट्रीय केंद्राच्या एका दिवसाचा विचार करावयाचा आहे. हे केंद्र मुख्यतः शब्दप्रधान आहे. संगीताला तेथे गौण स्थान आहे. उदाहरणादाखल २०१० च्या सुमाराचा कोणताही एक कामकाजाचा दिवस घेऊ. पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी जहाजांसाठी हवामानाचा अंदाज. मागोमाग एक छोटी प्रार्थना आणि शेतकऱ्यांसाठी वार्ता. ६ ते ९ ‘टुडे’ हा बातम्यांचा व मुलाखतींचा कार्यक्रम. ९ वाजता चर्चा. १० वाजता ‘वूमन्स अवर’. दुपारी १२ नंतर ग्राहकांच्या तक्रारी आणि १ वाजता ‘द वर्ल्ड ॲट वन’. २ वाजता ‘द आर्चर्स’ या ग्रामीण मालिकेच्या आदल्या भागाचे पुनःप्रक्षेपण आणि त्याला लागून श्रुतिका. सायंकाळी ५ वाजता ‘पी. एम.’, ६ वाजता बिग बेनच्या टोल्यांसह बातम्या, साडेसहाला विनोदी कार्यक्रम, ७ वाजता ‘द आर्चर्स’चा नवा भाग, १० वाजता ‘द वर्ल्ड टुनाइट’, त्यानंतर झोपेपूर्वीचे पुस्तकवाचन, मध्यरात्री पुन्हा बिग बेन व बातम्या, १२ वाजून ४८ मिनिटांनी पुन्हा जहाजांसाठी अंदाज, आणि अखेरीस राष्ट्रगीत. १ वाजता लहरी जागतिक सेवेच्या स्वाधीन.

हा क्रम वरवर पाहता एखाद्या कुशल नियोजकाने आखलेला वाटतो. तथापि तो तसा आखला गेलेला नाही. यातील जवळजवळ प्रत्येक तासाला निराळा जनक आहे. आणि दिवसाची जी विविधता आपणांस दिसते ती एका योजनेची निष्पत्ती नसून परस्परविरोधी दाव्यांमध्ये वेळोवेळी झालेल्या तडजोडींची निष्पत्ती आहे. हे दाखवणे, आणि या तडजोडींना श्रोत्यांनी कालांतराने हक्काचे रूप कसे दिले हे तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम साधनांविषयी थोडे सांगणे इष्ट होईल. ‘रेडिओ टाइम्स’ हे बी. बी. सी.चे कार्यक्रमपत्र २८ सप्टेंबर १९२३ रोजी प्रथम निघाले. १९२३ ते २००९ पर्यंतच्या त्याच्या अंकांतील नोंदी ‘जीनोम’ या नावाने बी. बी. सी.ने २०१४ मध्ये अभ्यासकांना खुल्या केल्या. त्यामुळे कोणत्याही दिवसाचा क्रम घरबसल्या पाहणे शक्य झाले. परंतु ही सोय मिळाल्यामुळेच एक सावधगिरी अधिक आवश्यक झाली आहे. छापील कार्यक्रमपत्र हे संकल्पाचे साधन आहे, घटनेचे नव्हे. प्रत्यक्षात काय प्रक्षेपित झाले याची दैनिक नोंद बी. बी. सी. स्वतंत्रपणे ठेवीत असे, आणि रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅम येथील लेखी दप्तरखान्यात असे कागद जतन केले गेले. संकल्प आणि सिद्धी यांत अंतर पडल्याचे १८ एप्रिल १९३० चे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या गुड फ्रायडेच्या संध्याकाळी बातमीपत्राची वेळ झाली तेव्हा निवेदकाने आज बातमी नाही एवढेच सांगितले, आणि उरलेला वेळ पियानोवादनाने भरून काढण्यात आला. छापील पत्रावरून हे कळणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आरंभीच्या काळातील बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि त्यांचे ध्वनिमुद्रण होत नसे. सबब वेळापत्रक आहे पण आवाज नाही, अशी स्थिती अनेकदा येते. अशा वेळी वेळापत्रकालाच प्रश्न विचारावे लागतात : हा कार्यक्रम याच वेळी का? त्याच्या आधी काय होते? तो हलवला तेव्हा कोण रागावले? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत फलदायी ठरतो, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

३

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रक्षेपण १४ नोव्हेंबर १९२२ रोजी लंडनहून सुरू झाले. १ जानेवारी १९२७ पासून राजसनदेने तिचे कॉर्पोरेशन झाले. जॉन रीथ हे या दोन्ही अवस्थांतील सूत्रधार. माहिती, शिक्षण आणि रंजन ही त्यांची त्रिसूत्री सर्वज्ञात आहे. परंतु वेळापत्रकाविषयीचे तत्कालीन धोरण तितके ज्ञात नाही. श्रोत्याने यंत्र सतत चालू ठेवून अर्धवट ऐकू नये, निवडून आणि लक्षपूर्वक ऐकावे, अशी अपेक्षा होती. म्हणून एकच कार्यक्रम रोज त्याच वेळी देण्याचे शक्यतो टाळले जाई, आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये शांततेसाठी जागा सोडली जाई. व्याख्यान, मैफल, नाटक, प्रार्थना, क्रिकेटचे वर्णन हे सर्व एकाच लहरीवर एकापाठोपाठ येत असे. नृत्यसंगीतासाठी यंत्र लावणाऱ्याच्या कानी एखादे शास्त्रीय व्याख्यान आपोआप पडावे, हा या मिश्रणातील हेतू होता.

म्हणजे ज्याला आज आपण वेळापत्रक म्हणतो ते नाकारण्यापासून या इतिहासाचा आरंभ होतो. तरीही काही वेळा पहिल्यापासून निश्चित झाल्या, आणि त्या नभोवाणीबाहेरच्या सत्तांनी निश्चित केल्या. बातम्यांची वेळ वृत्तपत्रांच्या मालकांनी ठरवली. सायंपत्रांच्या खपाला धक्का लागू नये म्हणून संध्याकाळी ७ पूर्वी बातम्या देण्यास बी. बी. सी.ला मनाई होती. मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात वृत्तपत्रे बंद पडली तेव्हा हे बंधन बाजूस सारून दिवसातून पाच वेळा बातम्या देण्यात आल्या. संप मिटल्यावर बंधन परत आले. परंतु दिवसा ऐकू येणाऱ्या बातम्यांचा अनुभव देशाने एकदा घेतला होता.

दुसरे निश्चित स्थान घड्याळाला मिळाले. १९२३ चे वर्ष संपताना बिग बेनचे टोले प्रथम ऐकवण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १९२४ पासून ग्रिनिचच्या वेधशाळेतून आलेले सहा वेळदर्शक ध्वनी सुरू झाले. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांचा त्यात पुढाकार होता. वरकरणी ही सोयीची गोष्ट; परंतु तिचा परिणाम दूरगामी झाला. शास्त्रज्ञाच्या घड्याळाशी स्वयंपाकघरातील घड्याळ जुळू लागले, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसे एकच क्षण एकत्र ऐकू लागली. तिसरे स्थान उपासनेचे. दैनिक प्रार्थना २ जानेवारी १९२८ पासून सुरू झाली. याप्रमाणे वृत्तपत्र, वेधशाळा आणि चर्च या तीन जुन्या संस्थांनी नव्या माध्यमाच्या दिवसात पहिल्या खुणा रोवल्या.

४

या खुणांमध्ये सर्वांत विलक्षण आहे ती समुद्राची. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडून शेकडो प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या नाविक अधिकाऱ्याने वादळाची पूर्वसूचना देण्याची पद्धत उभी केली. १८६१ पासून अशा सूचना तारायंत्राने बंदरांना जाऊ लागल्या. नभोवाणी आल्यावर हेच कार्य लहरींवर आले. डॅव्हेंट्री येथील दीर्घलहरी केंद्र जुलै १९२५ मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी जहाजांसाठीचा अंदाज बी. बी. सी.च्या प्रक्षेपणात आला. दीर्घलहरी समुद्रावर दूरवर पोचते, हे त्याचे साधे तांत्रिक कारण.

ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र ३१ विभागांत वाटलेला आहे. वाळूचे दांडे, बेटे, खाड्या, नद्यांची मुखे यांवरून त्यांना नावे मिळाली आहेत. अंदाजाची शब्दसंख्या काटेकोरपणे मर्यादित असते. वाऱ्याची दिशा व जोर, हवामान, दृश्यता असा क्रम ठरलेला असतो आणि क्रियापदांना जवळजवळ फाटाच असतो. ऐकणाऱ्या नावाड्याला आपला विभाग केव्हा येणार हे आधीच ठाऊक असावे, यासाठी हा क्रम मोडावयाचा नसतो. फिनिस्टेअर या विभागाचे नाव २००२ मध्ये बदलून फिट्झरॉय असे ठेवण्यात आले, तेव्हा या शास्त्राच्या जनकाचे नाव त्याच्याच कार्यात सामावले गेले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा अंदाज ऐकणाऱ्यांपैकी खलाशी आणि कोळी किती? बहुसंख्य श्रोते जमिनीवर, अंथरुणात किंवा स्वयंपाकघरात असत, आणि त्या माहितीचा त्यांना काडीचाही व्यावहारिक उपयोग नसे. तरीही ३० मे २०१४ रोजी तांत्रिक चुकीमुळे पहाटेचा अंदाज वेळेवर प्रक्षेपित झाला नाही, तेव्हा ती देशभर बातमी झाली. याचे कारण केवळ सवय असे म्हणून चालणार नाही. रोज रात्री काही मिनिटे शहरातील मनुष्य अनोळखी माणसांच्या संकटाची वार्ता ऐकत असे. ती त्याच्यासाठी नव्हती. पण ती त्याच्या समक्ष सांगितली जात होती. संमिश्र दिवसाचे खरे स्वरूप येथे प्रकट होते. तो दिवस प्रत्येकाला त्याचे हवे ते देतो एवढेच नव्हे, तर दुसऱ्यासाठी असलेलेही ऐकावयास लावतो.

५

१ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या छायेत बी. बी. सी.ने आपले राष्ट्रीय व प्रादेशिक कार्यक्रम एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ सुरू केली. रेडिओ फोरची ही प्रत्यक्ष पूर्वज सेवा. शत्रूला हवामानाची माहिती मिळू नये म्हणून अंदाज बंद झाले. मात्र बाकीचा दिवस पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बांधला गेला. श्रोत्यांच्या सवयींचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्व्ही यांच्याकडे एक विभाग सोपवण्यात आला होता. कोण केव्हा उठतो, केव्हा जेवतो, केव्हा यंत्र लावतो हे त्यातून कळू लागले होते. युद्धाने या ज्ञानाचा उपयोग अपरिहार्य केला.

१९४० मध्ये सुरू झालेला ‘द किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अन्न मंत्रालयाच्या सहकार्याने तो सकाळी सव्वाआठला, ८ च्या बातम्यांना लागून, होत असे. गृहिणी रांगेत उभी राहण्यासाठी घराबाहेर पडण्यापूर्वी तिला आज काय मिळेल आणि त्याचे काय करावे हे सांगावयाचे, असा वेळेचा हिशेब. रीथच्या काळात श्रोत्याने कार्यक्रमाच्या वेळेशी जुळवून घ्यावयाचे होते. आता कार्यक्रम श्रोत्याच्या दिवसाशी जुळवून घेऊ लागला. या इतिहासातील हे निर्णायक वळण होय.

रात्री ९ च्या बातम्यांना तर जवळजवळ विधीचे स्वरूप आले. नोव्हेंबर १९४० पासून त्यांच्या आधी बिग बेनचे टोले आणि त्याबरोबर मूक प्रार्थनेचे मिनिट पाळले जाऊ लागले. पुढे १९६० मध्ये ९ च्या बातम्या हलवून १० वाजता नेण्यात आल्या, तेव्हा अनेक श्रोत्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. बातम्या रद्द झाल्या नव्हत्या, एका तासाने पुढे गेल्या होत्या. परंतु तो तास युद्धकाळाची स्मृती बनला होता. आणि स्मृतीचे स्थलांतर प्रशासकीय आदेशाने होत नाही.

६

युद्धानंतर विल्यम हेली यांनी नभोवाणीची तीन भागांत रचना केली : जुलै १९४५ मध्ये ‘लाइट प्रोग्रॅम’, मध्ये होम सर्व्हिस, आणि २९ सप्टेंबर १९४६ पासून उच्च अभिरुचीसाठी ‘थर्ड प्रोग्रॅम’. श्रोता या मनोऱ्याच्या पायऱ्या हळूहळू चढत जाईल अशी हेलींची कल्पना होती. एकाच लहरीवरील मिश्रणाची जागा तीन लहरींवरील विभागणीने घेतली. गंमत अशी की, रेडिओ फोरच्या दिवसाचे जे कार्यक्रम आज त्याचा कणा मानले जातात त्यांपैकी दोन या विभागणीतील ‘हलक्या’ सेवेवर वाढले.

‘वूमन्स अवर’ ७ ऑक्टोबर १९४६ रोजी लाइट प्रोग्रॅमवर दुपारी २ वाजता सुरू झाला. मुले शाळेत गेलेली, जेवणाची भांडी आवरलेली, आणि संध्याकाळच्या कामाला अजून अवकाश, असा तो तास होता. पहिले निवेदक ॲलन आयव्हिमी हे पुरुष होते, यावरून योजकांची मूळ दृष्टी कळते. तथापि तो लवकरच स्त्रियांच्या हाती आला, आणि इतरत्र उच्चारले न जाणारे शरीराविषयीचे प्रश्नही तेथे बोलले जाऊ लागले. १९७३ मध्ये तो रेडिओ फोरवर आला. १९९१ मध्ये त्याची वेळ दुपारऐवजी सकाळ करण्यात आली, तेव्हा निषेध झाला. दुपारचा तो तास ज्या घराच्या दिनक्रमावर उभा होता तो दिनक्रम तोपर्यंत पुष्कळ बदललेला होता. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला जात होत्या. कार्यक्रमाची वेळ त्या बदलाच्या मागून आली.

‘द आर्चर्स’चा उगम शेतीच्या गरजेत आहे. युद्ध संपले तरी अन्नटंचाई संपली नव्हती. शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते. शेतकऱ्यांना नवी तंत्रे सांगणारी भाषणे होत, पण ती ऐकली जात नसत. १९४८ मध्ये बर्मिंगहॅम येथील एका बैठकीत एका शेतकऱ्याने सुचवले की, त्या वेळी लोकप्रिय असलेल्या ‘डिक बार्टन’ या साहसमालिकेसारखे काहीतरी शेतीसाठी हवे. गॉडफ्रे बेझली यांनी ही सूचना उचलली. १९५० च्या मे अखेरीस मिडलँड्स विभागात एक आठवडा प्रयोग झाला. १ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर गेली, आणि थोड्याच महिन्यांत तिने डिक बार्टनचीच जागा घेतली. कृषी मंत्रालयाचा सल्ला तिला लाभत असे. २२ सप्टेंबर १९५५ रोजी, व्यापारी दूरचित्रवाणीच्या उद्‌घाटनाच्या संध्याकाळीच, मालिकेतील ग्रेस आर्चर आगीत मृत्यू पावली, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तिच्या मरणाने नव्या दूरचित्रवाणीला झाकोळून टाकले. शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या कथेचे श्रोते बव्हंशी शहरवासी होते, हे त्यातून सिद्ध झाले. खत केव्हा घालावे हे ज्यांना कधीच ठरवावयाचे नव्हते, ते लोक रोज पाव तास शेतीची चिंता ऐकत होते. जहाजांच्या अंदाजाविषयी जे म्हटले तेच येथे कथेच्या रूपाने दिसते.

‘टुडे’ मात्र होम सर्व्हिसवरच, २८ ऑक्टोबर १९५७ रोजी, सुरू झाला. आरंभी तो दोन छोट्या तुकड्यांत विभागलेला, हलक्याफुलक्या विषयांचा कार्यक्रम होता. मंत्र्यांची उलटतपासणी करणारे व्यासपीठ हे त्याचे रूप नंतरचे. सकाळी घराघरांत दाढी, न्याहारी आणि प्रवासाची तयारी चालू असते. अशा वेळी लक्षपूर्वक श्रवण शक्य नाही, हे येथे उघडपणे मान्य झाले. रीथच्या धोरणापासून नभोवाणी किती दूर आली होती याचे हे माप होय.

७

३० सप्टेंबर १९६७ रोजी होम सर्व्हिसचे नाव रेडिओ फोर झाले. परंतु नावापेक्षा महत्त्वाचा बदल नंतर आला. जुलै १९६९ मध्ये ‘ब्रॉडकास्टिंग इन द सेव्हन्टीज’ ही योजना प्रसिद्ध झाली. दूरचित्रवाणीने संध्याकाळचा श्रोता नेला आहे आणि लोक आता कार्यक्रम नव्हे तर विशिष्ट प्रकारचे केंद्र निवडतात, हे तिचे गृहीत होते. त्यानुसार पॉप संगीत, हलके संगीत, अभिजात संगीत आणि शब्द अशी चार केंद्रे स्वतंत्र करण्यात आली. संमिश्र नभोवाणीचा हा अंत आहे असे म्हणून अनेक लेखक, विद्वान व कर्मचारी यांनी विरोध केला. एप्रिल १९७० पासून योजना अमलात आली, ‘पी. एम.’ आणि ‘द वर्ल्ड टुनाइट’ हे दोन्ही वृत्तकार्यक्रम ६ एप्रिल १९७० चे.

टीकाकारांचे भाकीत अर्धे खरे ठरले. संगीत रेडिओ फोरवरून बहुतांशी गेले. परंतु शब्दाच्या क्षेत्रातील मिश्रण तेथेच टिकले. बातमी, उपासना, शेती, नाटक, विनोद, विज्ञान, ग्राहकहित, बागकाम यांना स्वतंत्र केंद्रे देणे शक्य नव्हते, म्हणून ती सर्व एका छपराखाली राहिली. किंबहुना असे म्हणता येईल की, रीथची कल्पना इतरत्र मोडली गेली आणि येथे जागेच्या टंचाईमुळे जगली.

नोव्हेंबर १९७८ मध्ये केंद्र दीर्घलहरीवर गेले आणि त्याबरोबर जहाजांचा अंदाजही त्याच्याकडे आला. त्याच सुमारास स्कॉटलंड व वेल्स यांना स्वतःची केंद्रे मिळाली. आतापर्यंत प्रादेशिक भेद सामावून घेणारी सेवा एकाएकी संपूर्ण राज्यासाठी एकरूप झाली. फ्रिट्झ श्पीगल यांनी इंग्लिश, स्कॉटिश, वेल्श व आयरिश सुरावटी गुंफून केलेली ‘यू. के. थीम’ तेव्हापासून रोज पहाटे वाजू लागली. राष्ट्राची ऐक्यभावना विभागणीच्या क्षणीच संगीतात बांधण्यात आली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ही सुरावट एप्रिल २००६ मध्ये बंद करण्यात आली तेव्हा विरोधाचा सूर पार्लमेंटपर्यंत पोचला.

८

आता वर उल्लेखिलेल्या विरोधांचा एकत्र विचार करू. १९६० मध्ये ९ च्या बातम्या, १९७७ मध्ये ‘टुडे’चे दोन तुकडे करण्याचा प्रयोग, जो पुढील वर्षी सोडून द्यावा लागला, १९९१ मध्ये ‘वूमन्स अवर’, १९९२–९३ मध्ये दीर्घलहरी अखंड बातम्यांसाठी देण्याची योजना, जिच्याविरुद्ध श्रोत्यांनी लंडनमध्ये मोर्चा काढला आणि जी मागे घेण्यात आली, एप्रिल १९९८ मध्ये जेम्स बॉइल यांनी केलेली सर्वंकष पुनर्रचना, आणि २००६ मधील सुरावट. प्रत्येक वेळी प्रशासकांनी आकडे पुढे केले आणि श्रोत्यांनी सवय पुढे केली, असे या वादांचे सामान्यतः वर्णन केले जाते.

हे वर्णन अपुरे आहे. १९९८ च्या पुनर्रचनेत ‘टुडे’ ६ वाजता सुरू करणे, ‘द आर्चर्स’ला रविवारचा एक भाग वाढवून देणे, कलाविषयक ‘फ्रंट रो’ हा नवा कार्यक्रम आणणे, हे सर्व होते. श्रोतृसंख्या आरंभी घटली, नंतर सावरली. म्हणजे आकड्यांच्या दृष्टीने प्रशासक सर्वस्वी चुकले नव्हते. तरीही श्रोत्यांचा मुद्दा निराळाच होता. बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो मुद्दा. शुल्क भरणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने वेळापत्रक हे संस्थेच्या मालकीचे नसून गावच्या पाणवठ्याच्या वहिवाटीसारखे होते. वहिवाट कोणी लिहून दिलेली नसते. पण ती मोडली की तिचे अस्तित्व कळते. ज्या तासांना मुळात वृत्तपत्रमालक, मंत्रालये आणि युद्ध यांनी आकार दिला, त्यांवर दोन-तीन पिढ्यांच्या वापराने जनतेचा हक्क निर्माण झाला. हा हक्क कायद्यात कोठेही नाही. त्याचा पुरावा या वादांतच सापडतो.

या हक्काचे वारसदार कोण, हेही विचारले पाहिजे. रेडिओ फोरचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने मध्यमवर्गीय, वयाने प्रौढ आणि इंग्लंडच्या दक्षिण भागाकडे झुकलेला आहे, ही टीका दीर्घकाळ होत आली आहे. ‘राष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या दिवसात गिरणीतील रात्रपाळीचा कामगार, कॅरिबियन वा भारतीय उपखंडातून आलेली कुटुंबे यांचे तास कोणते, याला वेळापत्रक समाधानकारक उत्तर देत नाही. जो वर्ग पत्रे लिहितो आणि मोर्चा काढतो त्याचीच वहिवाट नोंदली जाते. इतिहासकाराने या मौनाचीही दखल घेतली पाहिजे.

आपल्या देशाच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. बी. बी. सी.च्या व्याख्यान-विभागात काम केलेले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये भारताच्या नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत जून १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. शेतकरी, स्त्रिया, मुले, कामगार यांना एकाच केंद्राच्या दिवसात वाटून दिलेले तास मुंबई केंद्राच्या श्रोत्यांनाही परिचित होते; ‘वनिता मंडळ’ आणि ‘कामगार सभा’ ही नावे अनेकांच्या स्मरणात असतील. त्या वाटणीमागे कोणाचे दावे होते याचा शोध आपल्याकडे अद्याप पुष्कळ व्हावयाचा आहे. वरील पद्धती त्यास उपयोगी पडेल.

९

एकविसाव्या शतकात वेळापत्रकाचा पायाच बदलला. ‘इन अवर टाइम’ ही विद्वच्चर्चा २००४ पासून उतरवून घेऊन केव्हाही ऐकता येऊ लागली. २०१८ मध्ये ‘बी. बी. सी. साउंड्स’ आले; आणि २०२४ मध्ये दीर्घलहरीवरील रेडिओ फोरचा स्वतंत्र कार्यक्रम थांबवून कामकाजाच्या दिवसांतील जहाजांचे अंदाजही कमी करण्यात आले. नाविकांना अंदाज मिळण्याची अन्य साधने आहेत, हे कारण व्यवहारतः बिनतोड आहे. श्रोत्यालाही लाभ झाला. रात्रपाळीच्या कामगाराचा वर जो प्रश्न उपस्थित केला, त्याला या सोयीने काही अंशी उत्तर दिले. आता त्याचा तास तो स्वतः ठरवू शकतो. हा लाभ लहान नाही, आणि जुन्या दिवसाच्या ओढीने तो नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु या लाभाबरोबर काय गेले हेही नोंदवावयास हवे. जो आपल्या आवडीचेच निवडून ऐकतो त्याच्या कानी दुसऱ्याचे हवामान पडत नाही. शेतीशी संबंध नसलेला मनुष्य शेतीची वार्ता मागवणार नाही. पुरुष श्रोता ‘वूमन्स अवर’ शोधून काढीलच असे नाही. पूर्वी या गोष्टी त्याच्या इच्छेवाचून घडत, कारण बातम्यांची वाट पाहताना मधला काळ कोणाच्या तरी विषयाने भरलेला असे. रीथने हे हेतुपुरस्सर इच्छिले होते. नंतरच्या काळात ते टंचाईमुळे घडले. टंचाई संपली तेव्हा ते घडवून आणणारे कारणच उरले नाही.

यावरून अभ्यासकांना एक दिशा मिळते. नभोवाणीने समाजावर काय परिणाम केला हे कार्यक्रमांच्या गुणावगुणांवरून ठरवण्याची आपली पद्धत आहे. त्याऐवजी कार्यक्रमांच्या शेजाराचा अभ्यास झाला पाहिजे : कशानंतर काय येत होते, आणि त्यामुळे कोणी कोणाचे ऐकले. ज्या केंद्रांच्या दैनिक नोंदी अजून दप्तरखान्यांत पडून आहेत त्या जीर्ण होण्यापूर्वी हे काम हाती घेतले जावे. गाजलेल्या कार्यक्रमाची एखादी ध्वनिफीत कोणी ना कोणी जपून ठेवतो. सामान्य दिवसाच्या नोंदी मात्र जपण्यासारख्या कोणालाच वाटत नाहीत, आणि म्हणून प्रथम त्याच नाहीशा होतात.